नाणेघाटाचं पाणी, शिवनेरीचे ढग : लाँग एक्स्पोजरसाठी कोणता एनडी फिल्टर घ्यावा?

पाऊस सुरू झाला की दोन आठवड्यांत सगळ्यांच्या स्टेटसवर तेच फोटो दिसू लागतात. मागे हिरवा डोंगर, पुढे काळा कातळ आणि त्यावरून दुधासारखं, रेशमासारखं उतरणारं पाणी. मग घराघरांतून प्रश्न येतो, ‘हा फोटो काढला कसा? आमच्या कॅमेऱ्यात पाणी असं का येत नाही?’ उत्तर मिळतं, ‘एनडी फिल्टर लावा.’ दुकानात किंवा ऑनलाइन शोधायला गेलं, की एनडी ८, एनडी ६४, एनडी १०००, ०.९, ३.०, ‘व्हेरिएबल’ अशी आकड्यांची जत्राच समोर येते. लग्नाचं शूटिंग करून घर चालवणाऱ्या मुलासाठी ही चैनीची खरेदी नसते. चुकीचा फिल्टर आला, तर एका ऑर्डरची कमाई पाण्यात जाते.

आमचंही एकदा असंच झालं. सगळं एकात मिळेल म्हणून स्वस्तातला व्हेरिएबल फिल्टर घेतला, नाणेघाटात उभे राहिलो आणि घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत आभाळावर भली मोठी काळी फुली. त्यानंतर एका पावसाळ्यात एनडी ८, एनडी ६४, एनडी १००० आणि तो व्हेरिएबल, असे चारही पिशवीत टाकून आम्ही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत फिरलो. त्यातून जे कळलं ते इथे सांगतो.

आधी फिल्टर करतो काय, ते बघू. एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी. साध्या भाषेत, लेन्सला घातलेला काळा चष्मा. तो फोटोला रंग देत नाही (निदान देऊ नये), फक्त उजेड कमी करतो. उजेड कमी झाला की शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं, आणि तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसट होत जातं. पाणी, ढग, गवत, माणसं, सगळं. जे स्थिर आहे ते तसंच राहतं.

उजेड मोजायचं माप म्हणजे स्टॉप. एक स्टॉप कमी केला की उजेड निम्मा होतो. तीन स्टॉप म्हणजे निम्म्याचा निम्मा आणि त्याचाही निम्मा, म्हणजे आठवा हिस्सा. म्हणून तीन स्टॉपच्या फिल्टरला एनडी ८ म्हणतात. काही कंपन्या त्यालाच ०.९ लिहितात, कारण त्या घनतेचा आकडा देतात आणि एका स्टॉपची घनता ०.३ धरली जाते. तसंच सहा स्टॉप म्हणजे एनडी ६४ म्हणजे १.८, आणि दहा स्टॉप म्हणजे एनडी १००० म्हणजे ३.०. दहा वेळा दुप्पट केलं तर खरं तर १०२४ होतात, पण बोलताना हजारच म्हणतात. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन काळातला शिलालेख आहे आणि त्यातले आकडे भारतातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांमध्ये गणले जातात. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते आकडे अभ्यासकांना लागले, पण फिल्टरच्या डबीवरचे आकडे आजही भल्याभल्यांना गोंधळात टाकतात.

हिशोब मात्र सोपा आहे. फिल्टर न लावता शटरचा जो वेळ येतो, त्याला फिल्टरच्या आकड्याने गुणायचं. बस्स.

आता नाणेघाटातच जाऊ. जुन्नरहून घाटघरच्या रस्त्याने वर गेलं की कड्याच्या टोकाशी पावसाळ्यात तो उलटा धबधबा दिसतो. कोकणातून चढणारा वारा कड्यावर आदळतो आणि खाली पडू पाहणारं पाणी परत वर फेकतो. आम्ही गेलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८ आणि शटर सेकंदाचा १२५वा भाग, असं माप आलं. एनडी ८ लावल्यावर शटर साधारण १/१५ सेकंदावर आलं, एनडी ६४ लावल्यावर अर्ध्या सेकंदावर आणि एनडी १००० लावल्यावर आठ सेकंदांवर.

आम्हाला वाटलं होतं, आठ सेकंदांचा फोटो सगळ्यात भारी येणार. आला तो नुसता धूर. पाणी वर जातंय की खाली येतंय, काही कळेना, आणि वाऱ्याने हलणारं कड्यावरचं गवत म्हणजे हिरवा चिखल झाला. उलट १/१५ सेकंदाच्या फोटोत पाण्याच्या धारा वर वळताना स्पष्ट दिसत होत्या. अर्ध्या सेकंदालाही दिशा कळत होती, पण थोडी मऊ होऊन. ज्या गोष्टीसाठी माणूस नाणेघाटात जातो, तीच गोष्ट मोठ्या फिल्टरने पुसून टाकली. म्हणजे पाण्यात काय दाखवायचं आहे ते आधी ठरवायचं, त्यावरून शटरचा वेळ आणि मग त्यावरून फिल्टर. आपल्याकडे बहुतेक जण उलट करतात. आधी सगळ्यात काळा फिल्टर घेतात आणि मग त्याच्यासाठी धबधबा शोधत फिरतात.

माळशेजच्या किंवा आहुप्याच्या बाजूच्या साध्या, सरळ पडणाऱ्या धबधब्यांनाही आमच्या मते पाव सेकंद ते एक सेकंद एवढा वेळ पुरतो. त्यापुढे पाण्याची वीण जाते आणि फक्त पांढरा पट्टा उरतो. झाडीतल्या ओढ्यावर, दाट सावलीत, तर कित्येकदा फिल्टर न लावताही शटर पाव सेकंदावर जातं. तिथे एनडीपेक्षा पोलरायझर जास्त कामाचा ठरतो. तो ओल्या दगडांवरची आणि पानांवरची चकाकी काढतो आणि वर एक-दीड स्टॉप उजेडही कमी करतो.

डिंभे धरणावर मात्र गोष्ट वेगळी झाली. घोड नदीवरच्या या धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे, ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. इथलं पाणी वाहत नाही, नुसतं डुलतं. दुपारी आभाळ उघडत होतं, एफ ११ ला शटर १/६० येत होतं. एनडी ६४ लावून एक सेकंद मिळाला, पण लाटा धड स्थिर नाहीत आणि धड पुसल्याही गेल्या नाहीत. फोटो हलल्यासारखा वाटत होता. एनडी १००० लावून १७ सेकंद मिळाले आणि पाणी काचेसारखं सपाट झालं, त्यात डोंगराची सावली उतरली. इथे दहा स्टॉपचा फिल्टर खरोखर कामाला आला.

पण आम्ही तिथेच थांबून राहिलो. सूर्य मावळला, मगरिबची वेळ झाली, उजेड झपाट्याने उतरला. आता फिल्टर न लावताच एफ ११ ला अर्धा सेकंद येत होता. एनडी ६४ लावला तर ३२ सेकंद झाले. दुपारी जे काम दहा स्टॉपच्या फिल्टरने केलं, ते संध्याकाळी सहा स्टॉपच्या फिल्टरने, आणि रंगही दुपारपेक्षा कितीतरी चांगले आले. थांबायची तयारी असेल तर अर्धा फिल्टर वेळच पुरवते.

म्हणून कुणी एकच फिल्टर घ्यायचा म्हणाला, तर आम्ही सहा स्टॉपचा, म्हणजे एनडी ६४, घ्यायला सांगतो. आपल्या भागातल्या पावसाळी उजेडात सगळ्यात जास्त वेळा तोच बाहेर निघतो. दुसरा घ्यायची ऐपत झाली की एनडी ८. दहा स्टॉपचा तिसरा. दुकानदार क्रम बरोबर उलटा सांगेल, हे गृहीत धरा.

एनडी ८ दुसरा घेण्याचं आणखी एक कारण आहे. फिल्टर एकावर एक लावता येतात. तसं केलं की स्टॉपची बेरीज होते आणि आकड्यांचा गुणाकार. तीन आणि सहा मिळून नऊ स्टॉप, म्हणजे ५१२ पट. दहाच्या फिल्टरपेक्षा एकच स्टॉप कमी. दोन काचा एकत्र आल्या की मोठ्या कोनाच्या लेन्सला चारही कोपरे काळे पडतात आणि काचांमधून उजेडाची परतफेड होऊन फोटो थोडा धुरकट होतो. हा तोटा आहेच. पण पैसे वाचतात.

आता तो व्हेरिएबल फिल्टर. त्यात पोलरायझरच्या दोन काचा एकमेकींवर असतात. एक फिरवली की उजेड कमी-जास्त होतो. कल्पना उत्तम आहे, पण काचा फार फिरवल्या आणि लेन्स मोठ्या कोनाची असली की फोटोवर फुली उमटते. आमच्या नाणेघाटच्या फोटोंत तीच होती. पुढे आमच्या लक्षात आलं की हा दोष त्या प्रकाराच्या घडणीतच आहे. महागड्या फिल्टरमध्ये फिरवण्यावर मर्यादा घालून तो टाळतात. स्वस्तात ती मर्यादा नसते आणि डबीवर मात्र ‘एनडी २ ते एनडी ४००’ असं छापलेलं असतं.

मग व्हेरिएबल घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण व्हिडिओसाठी. निकाहचा व्हिडिओ काढणाऱ्यांना हे लगेच पटेल. भर दुपारी मांडवाबाहेर नवरदेव येतोय, २५ फ्रेमचा व्हिडिओ आहे, शटर १/५० वर ठेवायचं आहे आणि मागचं सगळं पुसट दिसावं म्हणून अ‍ॅपर्चर एफ २.८. अशा उन्हात फिल्टरशिवाय सगळं पांढरं फटक होईल. मांडवात शिरलं की उजेड एकदम उतरतो. तिथे दर वेळी फिल्टर काढत-घालत बसायला वेळ कुठला? दोन ते पाच स्टॉपचा चांगला व्हेरिएबल त्यासाठीच बनलेला आहे. धबधब्यासाठी साधा, एका ताकदीचा फिल्टर आणि लग्नासाठी व्हेरिएबल, अशी ही सरळ वाटणी आहे.

रंगाचा मुद्दा लोक सोडून देतात आणि मग एडिटिंगला तासन्‌तास बसतात. नावात ‘न्यूट्रल’ असलं तरी गडद फिल्टर क्वचितच पूर्ण न्यूट्रल असतो. ली कंपनीचा ‘बिग स्टॉपर’ हा दहा स्टॉपचा फिल्टर जगभर वापरला जातो, पण त्याची निळसर झाक प्रसिद्ध आहे. काही फिल्टर तांबूस झाक देतात. झाक सगळीकडे सारखी असेल तर रॉ फाइलमध्ये ती दोन मिनिटांत निघते. खरी डोकेदुखी इन्फ्रारेडची आहे. स्वस्त गडद फिल्टर डोळ्यांना दिसणारा उजेड अडवतो, पण न दिसणारे इन्फ्रारेड किरण जाऊ देतो, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर ते थोडेफार टिपतो. मग काळं सिंथेटिक कापड तपकिरी-तांबूस दिसू लागतं. काळी शेरवानी किंवा काळा बुरखा व्हिडिओत चॉकलेटी झाला, तर दोष कापडाचा नसून फिल्टरचा असू शकतो. ही चूक नंतर दुरुस्त करणं फार कठीण जातं, कारण सगळ्याच काळ्या गोष्टी तांबूस होत नाहीत. सुती काळं काळंच राहतं.

घरी तपासायची सोपी युक्ती अशी. सावलीतल्या पांढऱ्या भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता एका जागी ठरवून ठेवा आणि भिंतीला लागून एक सुती आणि एक सिंथेटिक असे दोन काळे कपडे टांगा. एक फोटो फिल्टरशिवाय काढा, एक फिल्टर लावून आणि वेळ गुणून. दोन्ही शेजारी ठेवले की झाक, काळे कोपरे, कापडाचा रंग, सगळं समोर येतं. फिल्टर डबीवर लिहिलंय तेवढाच गडद आहे का, तेही कळतं. परत करायची मुदत संपण्याआधी हे करून घ्या. आमच्या पिशवीतला एक ‘दहा स्टॉप’चा फिल्टर या परीक्षेत साडेनऊच निघाला. फार बिघडत नाही, पण माहीत असलेलं बरं.

गोल, लेन्सवर फिरवून बसवायचा फिल्टर घ्यावा की चौकोनी, होल्डरवाला? पावसात गोल. चौकोनी फिल्टर आणि होल्डर यांच्या फटीत पाणी शिरतं आणि वारा सगळा डोलारा हलवतो. घरात दोन-तीन लेन्स असतील तर सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच फिल्टर घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा. रिंग फिल्टरच्या मानाने अगदीच स्वस्त पडते.

शिवनेरीवर आमची वेगळी इच्छा होती. गडावरची कमानी मशीद अनेकांनी पाहिली असेल. दोन मिनार आणि त्यांना वरून जोडणारी कमान, खाली पाण्याचं टाकं. सुट्टीच्या दिवशी तिथे माणसांशिवाय फोटो मिळणं अशक्य. लाँग एक्स्पोजरमध्ये चालती माणसं पुसली जातात, पण त्यासाठी निदान दोन मिनिटं तरी हवीत. हिशोब करू. उन्हात एफ १६ ला शटर १/६०. एनडी १००० ने १७ सेकंद होतात, त्यात माणसांच्या सावल्या उरतात. त्यावर एनडी ८ चढवला की १३ स्टॉप, म्हणजे दोन मिनिटं सोळा सेकंद. माणसं गायब, ढगांच्या रेघा आणि स्थिर कमान. सेल्फीसाठी एकाच जागी उभं राहिलेलं कुटुंब तेवढं भुतासारखं अर्धं उमटतं.

अडचण एवढीच की शिवनेरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि अशा ठिकाणी ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. न विचारता लावला तर पहारेकरी हटकणार, आणि त्यांचं बरोबरच असतं. आम्ही ट्रायपॉड खालीच ठेवला. कॅमेरा दगडावर घट्ट टेकवून पाच-पाच सेकंदांनी वीस-पंचवीस साधे फोटो काढले आणि घरी संगणकावर ते एकमेकांवर ठेवून ‘मीडियन’ काढला. बहुतेक फोटोंत ज्या जागी जे आहे तेवढंच उरतं, येणारे-जाणारे निघून जातात. फिल्टरचा एक पैसा लागला नाही. हापूसबागेतल्या सौदागर घुमटाचाही फोटो असाच काढता येईल. निजामशाहीची सुरुवात जुन्नरला झाली, अहमदनगर शहर नंतर वसलं. त्या काळाच्या खुणा शहरात आणि आसपास विखुरलेल्या आहेत, आणि त्यांचे चांगले फोटो अजूनही कमीच आहेत.

मोबाइलवाल्यांसाठीही हेच तत्त्व आहे. आयफोनच्या लाइव्ह फोटोमध्ये २०१७ पासून लाँग एक्स्पोजरचा पर्याय आहे, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही तसा मोड असतो. फोन भराभर अनेक फोटो घेऊन त्यांची सरासरी काढतो. दगडावर टेकवून काढला तर स्टेटसपुरता फोटो उत्तम येतो. मोठा छापायचा असेल तरच कॅमेरा आणि फिल्टर.

गडद फिल्टर लावला की कॅमेऱ्यालाही दिसेनासं होतं, म्हणून फोकस आधी करून घ्या, ऑटोफोकस बंद करा आणि मग फिल्टर फिरवा. आरशाचा कॅमेरा असेल तर मागचा व्ह्यूफाइंडर झाका, तिथून उजेड शिरून फोटोवर जांभळट डाग येतो.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. एनडी १००० मधून सूर्याकडे बघायचं नाही. काळा दिसतो म्हणून तो ग्रहणाचा चष्मा होत नाही. सूर्य डोळ्याने पाहण्यासाठीची फिल्म उजेडाचा एक लाखावा हिस्सा जाऊ देते. एनडी १००० त्याच्या शंभरपट जास्त जाऊ देतो, आणि इन्फ्रारेड वेगळंच. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. मक्का आणि जेद्दाहमध्ये ते खग्रास दिसेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. ढग नसले तर मुलं हट्ट करणारच. तेव्हा पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून सूर्याची चंद्रकोर भिंतीवर पाडा. इब्न अल-हैथमने हजार वर्षांपूर्वी ग्रहणाच्या आकारावरच्या प्रबंधात याच छिद्रातल्या प्रतिमेचा अभ्यास केला होता.

आणि पाण्याबद्दल. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. पाणी काही मिनिटांत वाढलं होतं. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले, त्यात जुन्नर आणि आंबेगावची ठिकाणंही आली. लाँग एक्स्पोजर काढणाऱ्याला धोका जास्त, कारण त्याची नजर पडद्यावर असते, तो सेकंद मोजत असतो आणि ट्रायपॉडचे पाय बहुतेक वेळा प्रवाहात असतात. आमचा नियम असा आहे की एक जण फोटो काढणार आणि दुसरा फक्त वरच्या बाजूचं पाणी बघणार. त्याच्या हातात फोन नाही, लहान मूलही नाही. पाणी गढूळ झालं किंवा काटक्या-पाचोळा वाहत आला की ट्रायपॉड सोडून बाहेर. नाणेघाटात कड्यापासून लांबच उभे राहा, तिथला वारा ट्रायपॉड सहज पाडतो. पिशवी ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला टांगली की तो जरा स्थिर राहतो.

घरी आल्यावर फिल्टर लेन्सवरून निघत नसेल, आणि पावसात भिजल्यावर तो हमखास अडकतो, तर जोर लावू नका. त्याच्या कडेला रुंद रबरबँड गुंडाळा आणि हलक्या हाताने फिरवा. काच ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नका, कोटिंगवर चरे पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरने पुसा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डबीत ठेवा. नाहीतर सप्टेंबरपर्यंत काचेवर बुरशी धरते.